ग्लास 'स्वच्छ' आहे हे कशावरून? बिअरचा फेस, कापूर आणि आग्नेस पॉकेल्स

रिसर्च मेथडॉलॉजीची तयारी करताना 'कार्यात्मक व्याख्या' हा मुद्दा येतो. एखादी संकल्पना मोजता येईल अशा कृतीत मांडायची, म्हणजे ती कार्यात्मक व्याख्या. हे उत्तर आपण पाठ करतो, मार्क मिळवतो आणि विसरतो. पण अशी व्याख्या प्रत्यक्षात घडते कशी? कोणीतरी एक दिवस बसून ती लिहून काढतं का? अजिबात नाही. कधी कधी शंभर-दीडशे वर्षं लागतात. आज एकाच साध्या शब्दाचा इतिहास बघू. शब्द आहे 'स्वच्छ', आणि उदाहरण बिअरच्या ग्लासाचं. बिअर प्यावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्याला काम आहे ते फेसाशी.

डोळ्यांना दिसतं ते पुरेसं नाही

पबच्या धंद्यात 'बिअर-क्लीन' असा एक खास शब्द आहे. चकचकीत दिसणारा, डाग नसलेला, वास नसलेला ग्लासही बिअर-क्लीन नसू शकतो. त्यात बिअर ओतली की फेस येतो, पण बघता बघता बसतो. काचेला आतून जागोजागी बुडबुडे चिकटून राहतात. असं झालं की जाणकार माणूस बिअरला दोष देत नाही, ग्लासाला देतो.

ग्लास तपासायच्या तीन पद्धती बारमध्ये पिढ्यान्पिढ्या चालत आल्या आहेत. पहिली: ग्लास पाण्यात बुडवून काढा आणि उपडा करा. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर ग्लास स्वच्छ. पाणी तुटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा आहे. दुसरी: ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर ते सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागा मोकळ्या राहतात. तिसरी पद्धत पिताना कळते. प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं काचेवर मागे राहिलं, तर ग्लास चांगला धुतलेला आहे.

धुण्याची रीतही ठरलेली असते. बिअरच्या ग्लासांना वेगळा ब्रश आणि वेगळं सिंक. त्यात दुधाचे किंवा तेलकट खाण्याचे ग्लास घालायचे नाहीत. साबण असा, ज्यात स्निग्ध पदार्थ नाहीत. मग भरपूर थंड पाण्याने खळबळायचं आणि जाळीवर उपडं ठेवून हवेवर वाळवायचं. फडक्याने पुसायचं नाही, कारण फडक्यातला तेलकटपणा आणि धागे पुन्हा काचेवर जातात. आपल्या घरात तेलाची कढई आणि काचेचा ग्लास एकाच घासणीने घासला जातो. पाणी प्यायला त्याने काही बिघडत नाही. बिअरचा फेस मात्र लगेच चुगली करतो.

किती तेल पुरतं याचा अंदाज काढू. अर्धा लिटरच्या उंच ग्लासाची आतली बाजू साधारण ३५० चौरस सेंटिमीटर धरा. तेलाचा थर फक्त २ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे जेमतेम एका रेणूच्या उंचीचा धरा. गुणाकार केला तर सगळं मिळून ०.०६ मिलिग्रॅमच्या आसपास तेल भरतं. डोळ्यांना हे दिसणं शक्यच नाही. मग हा थर आहे हे माणसाला कळलं कसं?

जहाजावरच्या स्वयंपाक्याचं पाणी

तेल ओतल्यावर खवळलेलं पाणी शांत होतं, हे रोमन लेखक प्लिनीनेही नोंदवलं होतं. बेंजामिन फ्रँकलिनने १७५७ मध्ये जहाजांच्या ताफ्यातून जाताना एक गोष्ट पाहिली. दोन जहाजांच्या मागचं पाणी विलक्षण गुळगुळीत होतं, बाकीच्यांच्या मागे लाटा होत्या. त्याने कप्तानाला कारण विचारलं. कप्तानाने 'एवढंही कळत नाही का' अशा थाटात सांगितलं, की स्वयंपाक्यांनी खरकटं तेलकट पाणी ओतलं असेल.

फ्रँकलिनने हे उत्तर डोक्यात ठेवलं. पुढे लंडनमध्ये असताना क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्याने चमचाभर तेल ओतून पाहिलं. तेल पसरत गेलं आणि सुमारे अर्ध्या एकराचा पृष्ठभाग आरशासारखा झाला. त्यानंतर तो फिरायला जाताना बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात थोडं तेल भरून नेत असे. त्याचं हे लेखन १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

आता गंमत बघा. चमचा ५ मिलिलिटरचा आणि अर्धा एकर म्हणजे २००० चौरस मीटर धरलं, तर भागाकार २.५ नॅनोमीटर येतो. म्हणजे रेणूच्या आकाराचा अंदाज १७७४ मध्येच हाताशी होता. पण फ्रँकलिनने हा भागाकार केला नाही. पदार्थ रेणूंचा बनलेला असतो, त्या रेणूला एक ठरावीक आकार असतो, हा प्रश्नच त्या काळी अशा स्वरूपात कोणी विचारत नव्हतं. आकडे असून उपयोग नसतो, प्रश्नही लागतो.

कापराची परीक्षा

पुढचं पाऊल आपल्या देव्हाऱ्यातल्या वस्तूवर पडलं. कापराचा बारीक तुकडा स्वच्छ पाण्यावर टाकला तर तो गरगर फिरतो, धावतो. कापूर पाण्यात थोडाथोडा विरघळतो आणि त्याच्या आजूबाजूचा पृष्ठताण कमी-जास्त होतो. जिकडे ताण जास्त, तिकडे तुकडा ओढला जातो. अशा वेळी पाण्याला तेलकट बोट नुसतं टेकवलं तरी कापूर जागच्या जागी थांबतो. स्टीलच्या ताटात हा प्रयोग करून बघा. ताट आधी साबणाने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. नीट धुतलं नसेल तर कापूर हलणारच नाही, आणि तेच तुमचं निरीक्षण.

म्हणजे कापूर हे स्वच्छता तपासायचं साधन झालं. चार्ल्स टॉमलिन्सन यांनी १८६० च्या दशकात या हालचालींवर बरेच प्रयोग केले आणि 'रासायनिकदृष्ट्या स्वच्छ' भांडं म्हणजे काय यावर भर दिला. पण कापराचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच होतं. 'किती' हे लॉर्ड रॅले यांनी विचारलं.

रॅले यांनी १८९० मध्ये सुमारे ८४ सेंटिमीटर व्यासाच्या टबात पाणी घेतलं आणि कापूर थांबवायला किती ऑलिव्ह तेल लागतं हे वजन करून मोजलं. उत्तर आलं ०.८१ मिलिग्रॅम. टबाच्या क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी १.६ नॅनोमीटरच्या आसपास येते. फ्रँकलिनने न केलेला भागाकार ११६ वर्षांनी झाला.

त्याच वर्षी रॅले यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फेसावर एक व्याख्यान दिलं. त्यातला मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे: शुद्ध द्रवाला टिकाऊ फेस येतच नाही. पाणी कितीही घुसळा, बुडबुडे लगेच फुटतात. फेस टिकतो तो द्रवात मिसळलेल्या दुसऱ्या पदार्थामुळे. बिअरमध्ये हे काम धान्यातून आलेली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू पदार्थ करतात. ते बुडबुड्याच्या पडद्यावर जाऊन बसतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. तेलाचा कण आला की तो पडद्यावर पसरतो, पसरताना खालचा द्रव ओढून नेतो, पडदा पातळ होतो आणि फुटतो.

म्हणजे फेस उभा राहतो तो एका 'अशुद्धी'वर आणि पडतो दुसरीमुळे. मग नुसतं 'स्वच्छ' म्हणण्याला काय अर्थ उरला? कशासाठी स्वच्छ, हे आधी सांगावं लागतं.

ब्राउनश्वाइगचं पत्र

जानेवारी १८९१ मध्ये रॅले यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून एक पत्र आलं. जर्मन भाषेत. लिहिणाऱ्या बाईंचं नाव आग्नेस पॉकेल्स, वय २८. आपल्यातल्या अनेकांचं पीएचडी करतानाचं वय.

आग्नेस यांचा जन्म १८६२ मध्ये व्हेनिसमध्ये झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. मलेरियाने त्यांची तब्येत ढासळली आणि १८७१ मध्ये कुटुंब ब्राउनश्वाइगला आलं. आग्नेस तिथल्या मुलींच्या शाळेत शिकल्या. भौतिकशास्त्राची ओढ होती, पण त्या काळात मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती. धाकटा भाऊ फ्रीड्रिख ग्योटिंगेनला शिकला आणि भौतिकशास्त्रज्ञ झाला. ऑप्टिक्समध्ये आपण जो 'पॉकेल्स इफेक्ट' शिकतो, तो याच भावाच्या नावाचा. त्याच्याकडून आग्नेस यांना पुस्तकं मिळत. त्या स्वतः घर सांभाळत होत्या, आजारी आईवडिलांचं करत होत्या. आणि विशीच्या आसपास असल्यापासून घरातच पाण्याच्या पृष्ठभागावर प्रयोग करत होत्या.

भांडी घासताना तेलकट पाण्याकडे बघून त्यांना हे सुचलं, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. गोष्ट छान आहे, पण एवढ्यावर थांबलं तर त्यांच्यावर अन्याय होतो. तेलकट पाणी त्या काळी प्रत्येक घरातली बाई रोज बघत होती. पॉकेल्स यांनी उपकरण बनवलं.

ते उपकरण असं. पत्र्याची एक पन्हळ, ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच. ती पाण्याने काठोकाठ भरायची. वर आडवी एक पत्र्याची पट्टी ठेवायची, ती पाण्याला टेकलेली असते. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग लहान होतो, दुसऱ्या बाजूचा मोठा. पृष्ठभागावर एक छोटी चकती टेकवायची आणि ती उचलून काढायला किती जोर लागतो हे तराजूने मोजायचं. तोच पृष्ठताणाचा हिशोब.

यात दोन गोष्टी एकदम साधल्या. एक, पट्टीने पृष्ठभाग झाडून घेता येतो. आपण ओट्यावरचं पाणी वायपरने एका कडेला नेतो, तसा अदृश्य मळ एका टोकाला नेता येतो आणि मागे ताजा पृष्ठभाग मिळतो. दोन, मळ तेवढाच ठेवून जागा कमी-जास्त करता येते. म्हणजे मळ किती दाट आहे हे आपल्या हातात. ज्या गोष्टीचा सगळ्यांना त्रास होत होता, त्या अशुद्धीलाच त्यांनी चल बनवलं.

निष्कर्षही तितकाच स्वच्छ होता. मळलेल्या पृष्ठभागाची जागा कमी करत गेलं तर सुरुवातीला पृष्ठताण बदलत नाही. एका ठरावीक मर्यादेनंतर मात्र तो झपाट्याने खाली येतो. आज आपण याचा अर्थ लावतो, की त्या क्षणी रेणू एकमेकांना खेटून उभे राहिलेले असतात. पाण्यात बुडवलेल्या घन वस्तूमुळेही पृष्ठभाग मळतो, हेही त्यांनी तपासलं होतं. आपल्या ग्लासाची गोष्ट हीच.

पत्रात त्यांनी लिहिलं, की काही कारणांमुळे नियतकालिकात लेख छापणं मला शक्य नाही, म्हणून मुख्य निष्कर्ष तुम्हाला कळवते. रॅले यांच्या पत्नीने पत्राचा इंग्रजी अनुवाद केला. रॅले यांनी तो 'नेचर'कडे पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी सांगितलं, की या बाईंनी अगदी घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, त्यांचा सुरुवातीचा भाग माझ्याच अलीकडच्या कामाशी जुळतो आणि पुढचा भाग नवे महत्त्वाचे प्रश्न उभे करतो. १२ मार्च १८९१ च्या अंकात पत्र छापून आलं.

इथे क्षणभर थांबू. रॅले हे त्या काळातलं फार मोठं नाव, पुढे १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं. एका अनोळखी, पदवी नसलेल्या बाईचं काम आपल्याच विषयावर आहे हे त्यांना दिसत होतं. ते पत्र बाजूला टाकणं सोपं होतं. त्यांनी ते तिच्या नावाने छापवून आणलं. गाइड निवडताना आपण फेलोशिप, लॅब, पब्लिकेशन सगळं बघतो. हा गुणही बघायला हवा.

श्रेय कोणाला

१९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या अर्विंग लँगम्यूर यांनी पाण्यावरच्या अशाच थरांवर मोठा लेख लिहिला. तेलकट आम्लाचे रेणू पाण्यावर उभे राहतात, डोकं पाण्यात आणि शेपटी वर, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांनी पॉकेल्स यांच्या पन्हळीचीच पुढची, सुधारलेली आवृत्ती वापरली. आज प्रयोगशाळांमध्ये हे उपकरण 'लँगम्यूर ट्रफ' म्हणून ओळखलं जातं. 'लँगम्यूर-पॉकेल्स ट्रफ' असं म्हणणारेही आहेत, पण कमी.

१९३२ मध्ये लँगम्यूर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने आग्नेस पॉकेल्स यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७० वर्षांच्या होत्या. १९३५ मध्ये त्या गेल्या. लँगम्यूर यांचं काम खरोखर मोठं होतं, यात वाद नाही. पण उपकरणाला मिळालेलं नाव आणि उपकरण बनवणारा माणूस यात अंतर पडू शकतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना पाठ्यपुस्तकातल्या नावावर न थांबता मूळ लेखापर्यंत का जायचं, याचं हे उत्तर.

पुन्हा ग्लासाकडे

एवढं कळल्यावर बारमधल्या तीन परीक्षांकडे बघा. सलग पापुद्रा आणि मीठ या दोन्ही एकच गोष्ट विचारतात: काचेवर पाणी पसरतं की नाही? धातूवर रंग किंवा मुलामा चढवण्याआधी कारखान्यात 'वॉटर ब्रेक टेस्ट' करतात, ती हीच. काचेच्या स्लाइडवर कॉन्टॅक्ट अँगल मोजतो तेव्हा आपणही हेच विचारतो, फक्त उत्तर अंशांत मिळतं.

साबणाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. साबणाला स्वतःला भरपूर फेस येतो, मग ग्लासात राहिलेल्या साबणाने बिअरचा फेस का बसावा? कारण फेस टिकवायच्या दोन तऱ्हा आहेत. प्रथिनं एकमेकांना धरून जाळं करतात. साबणाचे छोटे रेणू मोकळे फिरत राहतात आणि पडदा पातळ झाला की तिकडे धावून तो सावरतात. दोन्ही एकत्र आले की भांडण होतं. जाळं तुटतं आणि मोकळ्या रेणूंनाही फिरायला जागा उरत नाही. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दुधातल्या प्रथिनांच्या थरावर हे अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने पाहिलं. साबणासारख्या पदार्थाने प्रथिनांचं जाळं आधी एका बाजूला दाबलं जातं, मग त्याला घड्या पडून ते वर उचललं जातं आणि शेवटी तुटतं. पर्वत उभे राहण्याच्या प्रक्रियेवरून त्यांनी याला नाव दिलं. म्हणून बारमध्ये साबण लावण्याइतकंच महत्त्व खळबळण्याला असतं.

ब्रुअरींनी फेस मोजायच्या प्रमाण पद्धतीही बसवल्या. १९५७ ची रुडिन यांची पद्धत आहे, नेदरलँड्समध्ये तयार झालेली 'निबेम' पद्धत आहे. निबेममध्ये ठरलेल्या मापाच्या ग्लासात फेस ३० मिलिमीटर खाली जायला किती वेळ लागतो ते मोजतात. अशा मापनात ग्लास कसा धुतला हा पद्धतीचाच भाग ठरतो. तो सांभाळला नाही तर आपण बिअर मोजतो की ग्लास, हेच कळणार नाही. म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांनी २००२ मध्ये तीन बिअरचा फेस मोजून तो घातांकी नियमाने कमी होतो असं दाखवलं. त्यांना हसवणारं 'इग नोबेल'ही मिळालं. हसा, पण एमएस्सीच्या विद्यार्थ्याला अर्धायुष्य शिकवायला इतका स्वस्त प्रयोग दुसरा सापडणं कठीण.

प्रपोजल लिहिताना

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'स्वच्छ', 'शुद्ध', 'निरोगी', 'प्रशिक्षित', 'ग्रामीण' असे शब्द असतील. प्रत्येकाखाली एक ओळ लिहून बघा: हे आहे की नाही, हे मी कोणत्या कृतीने ठरवणार? आणि ती कृती कशाला उत्तर देते, कशाला देत नाही? मिठाची परीक्षा तेल ओळखते, पण ग्लासावर जंतू आहेत का हे सांगत नाही. आरोग्य तपासनीसाचा स्वच्छ ग्लास आणि बिअरवाल्याचा स्वच्छ ग्लास हे दोन वेगळे ग्लास आहेत. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांनी आपापली परीक्षा सांगितलेली आहे. व्हायवात तुम्हाला नेमकं हेच विचारलं जाईल, तेव्हा आधीच लिहून ठेवलेलं बरं.

आणि एक काम. पॉकेल्स यांचं १८९१ चं पत्र शोधून वाचा. लहान आहे, भाषा सोपी आहे, अर्ध्या तासात होतं. वाचताना एवढंच बघा, की उपकरण किती नेमकं सांगितलं आहे. ते वाचून तुम्ही घरी तशी पन्हळ बनवू शकाल. आपल्या मेथड सेक्शनबद्दल असं म्हणता येतं का?